घाऊक दुरुस्तीचा प्रश्न : नागपूरच्या मजकूर-फायलींच्या निमित्ताने

एकाच जातीचा फेरफार शेकडो मजकूर-फायलींत एका दमात कसा करावा, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या थोर प्रश्नांत गणला जात नाही. पण ज्या दफ्तरात, छापखान्यात किंवा संपादक-मंडळात तो एकदा उभा राहतो, तेथे तो बाकीची सारी कामे अडवून धरतो. एखादे पत्र सुधारावयाचे असेल तर ते उघडावे, वाचावे आणि सुधारावे, यात कोणाचे दुमत नसते. परंतु एखाद्या नियतकालिकाचे वीस वर्षांचे अंक, संस्थेची कार्यवृत्ते किंवा कोशाच्या हजारो नोंदी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणावयाच्या झाल्या, म्हणजे कारकुनाच्या चिकाटीवर विसंबून भागत नाही. आणि मग मजकूर एडिटरमध्ये उघडून डोळ्यांदेखत दुरुस्त करावा, की शेलमध्ये, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या जागी, चार ओळींची आज्ञा लिहून सर्व फायलींवरून एकदम फिरवावी, असा पक्षभेद सुरू होतो. प्रस्तुत लेखात या वादाची पूर्वपीठिका, दोन्ही पक्षांचे युक्तिवाद आणि अद्याप न सुटलेल्या गोष्टी क्रमाने मांडण्याचा विचार आहे. वाद हत्याराविषयी चालतो, अडचण मात्र रुजुवातीची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले असून ते आरंभीच सांगून टाकणे बरे.

पूर्वपीठिका

आज परस्परविरोधी वाटणारे हे दोन पक्ष एकाच घरातून निघाले आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून यूनिक्स ही कार्यप्रणाली आकारास येऊ लागली, तेव्हा केन थॉम्पसन यांनी तिच्यासाठी ‘ईडी’ नावाचा ओळवार चालणारा एडिटर लिहिला. त्यात एखादा नमुना देऊन तो ज्या ज्या ओळींत सापडेल त्या छापण्याची आज्ञा होती. तीच आज्ञा १९७३ च्या सुमारास सुटी काढून ‘ग्रेप’ हे स्वतंत्र साधन झाले. पाठोपाठ ली मॅकमॅहन यांनी ‘सेड’ रचले. ते म्हणजे पडद्यावर काहीही न दाखवता, आधी लिहून दिलेल्या आज्ञांबरहुकूम मजकुरातून वाहत जाणारा एडिटरच होय. १९७७ मध्ये ‘ऑक’ आले आणि १९८७ मध्ये लॅरी वॉल यांचे ‘पर्ल’. दुसऱ्या शाखेत बिल जॉय यांचा ‘व्हीआय’, त्याचा वारस ‘विम’ आणि विंडोजवर काम करणाऱ्यांच्या हाती २००३ पासून असलेला ‘नोटपॅड प्लस प्लस’ ही मंडळी येतात. तात्पर्य, शेलमधील साधने ही मुळात एडिटरचीच पडद्यावाचून राहिलेली भावंडे आहेत, हे दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांना सहसा आठवत नाही.

या सर्वांचे एक गृहीतक होते. मजकूर म्हणजे ओळींचा क्रम, ओळ म्हणजे अक्षरांचा क्रम, आणि अक्षर म्हणजे एक बाइट. इंग्रजीपुरते ते खरे होते. देवनागरीला ते लागू पडत नाही, याची जाणीव आपल्याकडे लवकर झाली होती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली तयार होऊन १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावर बेतलेला होता. आणि १९९२ मध्ये त्याच थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह ‘यूटीएफ-८’ ची योजना मांडली, जिच्यामुळे जुन्या साधनांना नवा मजकूर पचवता येऊ लागला. कागदोपत्री प्रश्न तेथेच मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, कारण छापखान्यांचा व्यवहार निराळ्याच वाटेने गेला.

नागपूरची विशेष स्थिती

मराठी आणि हिंदी यांचा शेजार नागपुरात जितका निकट आहे तितका महाराष्ट्राच्या फार थोड्या शहरांत असेल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान होता. त्यामुळे दोन्ही भाषांचे टंकलेखन एकाच खुर्चीत बसून करण्याची सवय येथे संगणकाच्या कितीतरी आधीपासूनची आहे. संगणक आले तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि आकृती यांबरोबरच हिंदी मुलखात रूढ असलेला कृतिदेव हा फॉन्टही येथे स्थिरावला, कारण जुन्या रेमिंग्टन टंकयंत्रावर बसलेला हात त्यावर विनासायास चालत होता. शिवाय पानांची जुळणी पेजमेकरवर होत असे, आणि पेजमेकरला युनिकोड अखेरपर्यंत समजले नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. तोवर जमलेला सारा संचय या जुन्या फॉन्टांच्या ताब्यात होता.

या फॉन्टांची खोड नेमकी काय आहे ते जवळून पाहिल्याखेरीज पुढील वाद उमगणार नाही. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘नागपूर’ हा शब्द फाइलमध्ये नागपूर म्हणून नसतोच. तेथे यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी सहा रोमन अक्षरे असतात, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा अंगरखा चढवतो. ‘विदर्भ’ या शब्दात तर अक्षरांचा क्रमही उच्चाराचा राहत नाही. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती ‘व’च्या आधी टंकली जाते, रफार वर दिसतो म्हणून तो ‘भ’च्या नंतर येतो, आणि ‘भ’ स्वतः एक अर्धी आकृती अधिक काना असा दोन तुकड्यांत असतो. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा. म्हणजे परिवर्तन करताना वेलांटी पुढे सरकवावयाची, रफार मागे न्यावयाचा, आणि ‘स्थिती’सारख्या शब्दात ती वेलांटी एका व्यंजनावरून नव्हे, संबंध जोडाक्षरावरून उडी मारून पलीकडे न्यावयाची. ही साधी ‘शोधा आणि बदला’ची बाब राहत नाही.

एडिटरचा पक्ष

एडिटरच्या बाजूने बोलणारे बहुधा मुद्रितशोधनाच्या परंपरेतले असतात, आणि त्यांचा युक्तिवाद भाषेच्या अनुभवातून आलेला आहे. त्यांचे म्हणणे असे की, मजकूर पाहिल्यावाचून त्यास हात लावणे हेच मुळी गैर. त्यांच्या पुष्ट्यर्थ याच शहराच्या नावाचे उदाहरण घेता येईल. समजा, जुन्या फायलींत काही ठिकाणी ‘नागपुर’ असे ऱ्हस्व उकाराने पडले आहे आणि ते सर्वत्र ‘नागपूर’ करावयाचे आहे. शेलच्या एका ओळीत हे काम क्षणात होते. पण त्याच क्षणी ‘नागपुरात’, ‘नागपुरास’, ‘नागपुरी’ हे निर्दोष शब्द ‘नागपूरात’, ‘नागपूरास’, ‘नागपूरी’ होऊन बसतात, कारण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ उकार ऱ्हस्व होतो आणि तेथे ऱ्हस्वच योग्य असतो. नागपूरच्या फायलींत आणखी एक खोच आहे. त्यांत मध्येच हिंदी परिच्छेद येतात, आणि हिंदीत ‘नागपुर’ हेच शुद्ध. एकाच अक्षरसमूहाचे असे तीन न्याय. कोणता कोठे लावावा हे मजकूर वाचणारालाच कळणार.

या पक्षाला आधुनिक एडिटरांनी साधनेही पुरवली आहेत. विममध्ये अनेक फायलींची यादी देऊन प्रत्येक बदलापूर्वी ‘करू का?’ असे विचारावयास लावता येते. ईमॅक्समध्ये खुणा केलेल्या फायलींवर हेच साधते. होकार-नकाराची एकेक कळ दाबत जाणारा मुद्रितशोधक दिवसभरात किती मजल मारतो, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते नवल वाटेल. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. नोटपॅड प्लस प्लसमधील ‘सर्व फायलींत बदला’ ही सोय वापरणारे पुष्कळजण आपण एडिटरमध्ये आहोत म्हणून निर्धास्त असतात. वस्तुतः ती सोय न उघडलेल्या फायलींवर थेट लिहिते, आणि तेथे ‘अनडू’ चालत नाही. ती एडिटरच्या वेषातील शेलच आहे, आणि तीही आपल्या कृत्याची नोंद मागे न ठेवणारी.

शेलचा पक्ष

शेलचा कैवार घेणारांची भूमिका वेगाची आहे असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धसत्य आहे. त्यांचा खरा मुद्दा नोंदीचा आहे. एडिटरमध्ये बसून केलेल्या हजार दुरुस्त्यांचा पुरावा फक्त बदललेल्या मजकुरात उरतो. कोणता नियम लावला, तो कोठे लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी बसलेल्या दुसऱ्या माणसाने तोच नियम पाळला की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. उलट स्क्रिप्ट म्हणजे लेखी हुकूमनामा. तो वाचता येतो, तपासता येतो, चुकला तर दुरुस्त करून मूळ फायलींवर पुन्हा फिरवता येतो. ‘डिफ’ने जुनी-नवी प्रत ताडून पाहावी, ‘गिट’मध्ये प्रत्येक टप्पा जतन करावा, आणि आज्ञा प्रथम पडद्यावर चालवून मगच फायलींवर लिहावी, ही शिस्त या पक्षाने घालून दिली आहे आणि ती निर्विवाद उपयुक्त आहे.

कृतिदेवच्या परिवर्तनात या लेखी हुकुमाचे महत्त्व विशेष जाणवते, कारण तेथे बदलांचा अनुक्रम हाच अर्ध्या कामाचा प्राण आहे. या फॉन्टमध्ये पूर्णविरामाचे टिंब संयोगचिन्हाच्या कळीवर आहे आणि संयोगचिन्ह ‘अँड’च्या चिन्हावर. तेव्हा प्रथम संयोगचिन्हांची टिंबे करावयाची आणि मग ‘अँड’ची संयोगचिन्हे. हा क्रम उलटला, किंवा पुरी झालेली फाइल चुकून पुन्हा एकदा त्याच स्क्रिप्टखालून गेली, तर ‘आई-वडील’ यांच्यामध्ये टिंब येऊन बसते. अर्धविरामाच्या कळीवर ‘य’ असल्यामुळे परिवर्तित मजकुरातील खरे अर्धविराम दुसऱ्या फेरीत ‘य’ होतात. एडिटरमध्ये बसलेल्या दमलेल्या माणसाच्या हातून हा क्रम चुकणे जितके संभाव्य, तितके ते तपासलेल्या स्क्रिप्टमध्ये असंभाव्य.

परंतु शेललाही आपले खड्डे आहेत, आणि ते नवशिक्यांनी खणलेले नसून साधनांच्या घडणीतच आहेत. ‘सेड’चे फलित त्याच नावाच्या फाइलमध्ये वळवले तर शेल आज्ञा सुरू करण्यापूर्वीच ती फाइल रिकामी करतो, आणि ‘सेड’च्या हाती वाचावयास काही उरत नाही. आपल्या कचेऱ्यांतील फायलींची नावे ‘अंतिम पत्र नवीन २’ अशी असतात, आणि त्या रिकाम्या जागांवर शेल एका नावाची चार नावे करतो. लिनक्सवरील ‘सेड’ला जागच्या जागी बदल करण्याची जी खूण चालते ती मॅकवर जशीच्या तशी चालत नाही. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये आरंभखूण नसलेली यूटीएफ-८ फाइल वाचावयास दिली, तर मराठीच्या जागी टोप्या-टिंबे घातलेली लॅटिन अक्षरे हाती येतात आणि तीच निमूटपणे लिहिली जातात.

आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, शेलला निव्वळ मजकूर लागतो, पण जुना संचय वर्ड आणि पेजमेकरच्या फायलींत आहे. तो निव्वळ मजकुरात उतरवला की फॉन्टची नोंद पुसली जाते, आणि मग रोमन अक्षरांतला कोणता भाग कृतिदेवचा मराठी आणि कोणता खराखुरा इंग्रजी हे ओळखण्याची सोय राहत नाही. ‘हायकोर्ट’ इंग्रजीत लिहिलेला असेल तर परिवर्तनानंतर तेथे देवनागरीचा एक अर्थशून्य पुंजका मिळतो. जाणकार म्हणून आधी आरटीएफमध्ये उतरवून, ज्या तुकड्यावर जुन्या फॉन्टची खूण आहे तेवढ्यावरच परिवर्तनाचा तक्ता लावतात. लिब्रे-ऑफिसला पडद्यावाचून चालवून शेकडो वर्ड-फायली एकदम उतरवता येतात, ही या कामातील मोलाची सोय आहे.

तयार परिवर्तकांविषयी

या दोन पक्षांच्या मध्ये व्यवहारी माणसांचा एक मोठा वर्ग आहे, जो आंतरजालावरील तयार कन्व्हर्टरमध्ये मजकूर चिकटवतो आणि आलेला उचलतो. चार परिच्छेदांसाठी यात काही वावगे नाही. न्यायालयीन किंवा गोपनीय दस्तऐवज परक्या यंत्राकडे पाठवावेत काय, हा प्रश्न मात्र उरतो. शिवाय त्यातील तक्ता आपल्या फॉन्टच्या नेमक्या आवृत्तीचा आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. अलीकडे भाषिक प्रतिमानांकडूनही हे काम करून घेण्याची सूचना पुढे येते. त्यांचे फलित वाचावयास गुळगुळीत असते, आणि धास्ती तीच आहे. तक्ता चुकला तर अगम्य अक्षरे पडून चूक चव्हाट्यावर येते. प्रतिमान चुकले तर मूळ शब्दाऐवजी दुसरा शुद्ध शब्द पडतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अनिर्णित राहिलेले

पहिला प्रश्न युनिकोडच्याच पोटातला आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. छापील रूप एकच. पण ग्रेपला एक सापडतो, दुसरा सापडत नाही, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही या दोहोंना एक करत नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ च्या आवृत्तीत मिळाला. त्याआधीच्या फायलींत ते ‘अ’वर चंद्र चढवून किंवा हिंदी वळणाच्या ‘ऍ’ने लिहिलेले असते. कोणते रूप प्रमाण मानावे याविषयी शासकीय निर्णय आहेत, परंतु आधीच साठलेल्या मजकुराचे काय करावे याविषयी एकवाक्यता नाही.

दुसरा प्रश्न शब्दाच्या सीमेचा. पायथनच्या अंगभूत नमुनाशोधात काना-मात्रा-वेलांट्यांची गणना अक्षरांत होत नाही, त्यामुळे ‘पूर्ण शब्द’ शोधावयास सांगितले तर त्याच्या लेखी ‘नागपूर’ हा शब्द पहिल्या कान्यापाशीच तुटतो. अन्य साधनांत हा व्यवहार वेगळा आहे. एका यंत्रावर निर्दोष ठरलेला नियम दुसऱ्यावर तसाच लागू पडेल, अशी हमी म्हणून कोणी देऊ नये.

तिसरा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो, आणि तो यंत्राचा नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या मंडळाची उभारणी नागपुरातली. पुढे तेवीस खंडांत पुरा झालेला तो ग्रंथ १९६२ पूर्वीच्या लेखनपद्धतीत आहे. असा मजकूर संगणकावर आणताना त्यातील जुने अनुस्वार ठेवावेत की गाळावेत? ‘नाहीं’, ‘तेथें’ येथील अनुस्वार गाळणे एका आज्ञेचे काम आहे. पण ‘घरांत’ या शब्दापाशी आज्ञा अडते. जुन्या पद्धतीत तो एका घराविषयीही असेल आणि अनेक घरांविषयीही. नव्या नियमांत पहिल्या अर्थी ‘घरात’, दुसऱ्या अर्थी ‘घरांत’. वाक्याचा अर्थ कळल्याखेरीज येथे निवाडा होत नाही. एक मत असे की, मूळ जसेच्या तसे ठेवावे आणि शोधाच्या सोयीसाठी नव्या लेखनाची स्वतंत्र प्रत करावी. दुसरे असे की, सामान्य वाचकाला दोन प्रती देणे म्हणजे त्यास एकही न देणे. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि खर्चाचा विचार केल्यावर संस्था बहुधा दुसऱ्याकडे झुकतात.

रुजुवातीची तजवीज

या साऱ्यात एका बाबीवर दोन्ही पक्षांतील अनुभवी लोक जवळ आलेले दिसतात. परिवर्तन शेलने करावे, त्यातील संशयास्पद जागाही शेलनेच शोधाव्यात, आणि त्या जागांचा निवाडा एडिटरमध्ये माणसाने करावा. संशयाच्या जागा ओळखणे अवघड नसते. शब्दाच्या आरंभी सुटी पडलेली वेलांटी, एका अक्षराला लागलेली दोन निराळी स्वरचिन्हे, हलन्ताला लागून आलेला काना, देवनागरी शब्दाच्या मध्ये उरलेले रोमन अक्षर, यांपैकी काहीही शुद्ध मराठीत येत नाही, आणि ग्रेप ती सर्व ठिकाणे ओळ-क्रमांकासह काढून देतो. याहून कसोशीची परीक्षा उलट परिवर्तनाची : युनिकोडमध्ये आलेला मजकूर पुन्हा कृतिदेवमध्ये न्यावा आणि मूळ फाइलशी ताडावा; जेथे फरक पडेल तेवढीच पाने डोळ्यांखालून घालावीत. या मार्गाने चूक उरतच नाही असे नव्हे. मूळ टंकलेखनातील चूक दोन्ही परीक्षांतून सहीसलामत सुटते, आणि ‘नागपुर’-‘नागपूर’चा निवाडा तर कोणतीही परीक्षा करीत नाही. तथापि तपासावयाच्या पानांची संख्या इतकी घटते की उरलेले काम एका माणसाच्या आवाक्यात येते.

ज्या संस्था, नियतकालिके आणि छापखाने आपला जुना संचय आता युनिकोडमध्ये आणू पाहत असतील, त्यांस एवढीच विनंती : मूळ फायली पुसू नयेत; ज्या फॉन्टमध्ये त्या टंकल्या त्याची प्रत, वापरलेला तक्ता आणि चालवलेली स्क्रिप्ट ही तिन्ही त्यांच्याशेजारी त्याच कप्प्यात ठेवावीत, आणि कोणत्या तारखेस काय चालवले याची एक ओळ तेथेच लिहून ठेवावी. आजचा तक्ता सदोष निघाला तर पुढच्या माणसाला काम तेथूनच हाती घ्यावे लागणार आहे.